बाहुलीच्या हातावर पाणी

६ डिसेंबर १९९३

पोचलो बुवा एकदाचा! पुण्याहून मद्रास, मद्रासहून छोट्या रुळांची गाडी, आणि सकाळी सहाला कुंभकोणम. पाठीचं भुसकट झालंय, पण मन टवटवीत. स्टेशनावर वादिराजराव स्वतः घ्यायला आले होते. रेशमी साड्यांच्या दुकानाचे मालक, साठीचे, कपाळावर अंगाऱ्याची उभी काळी रेघ, खांद्यावर उपरणं. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात लिहिणावळीला होते. घरात अजून मराठीच चालते. पण काय ती मराठी! प्रवास सुखाचा जाला ना, असं विचारलं आणि रिक्षात बैसा म्हणाले. मला वाटलं, खापरपणजोबाच घ्यायला आलेत. रिक्षावाल्याशी मात्र फाडफाड तमिळ.

दुकानाच्या माडीवर खोली दिली आहे. खिडकीखालूनच रथाचा रस्ता जातो. कॉफी पितळी डबऱ्यातून, म्हणजे खोलगट वाटीतून, आली, आणि पहिल्या घोटालाच ठरवलं की वर्षभर इथे राहायला आपली ना नाही.

९ डिसेंबर

दुकानाच्या दारात एक विजेची बाहुली उभी असते. साडी नेसलेली, दर चार सेकंदांनी हात जोडणारी. गिऱ्हाईक येवो, कुत्रं येवो, नाहीतर रिकामा रस्ता असो, हिचं आपलं चालूच. पोरं तिच्यासमोर उभी राहून चाळे करतात. वादिराजरावांनी पुण्याच्या प्रदर्शनात माझा मान वळवणारा पुतळा पाहिला आणि तिथेच मला धरलं. त्यांना हवी आहे येणारं माणूस ओळखून वागणारी, न बोलता बोलणारी बाहुली. तंत्रनिकेतनात पोरांना तेच ते शिकवून मी आंबलोच होतो. लगेच हो म्हटलं.

आल्यापासून मी सगळ्यांना एकच पुराण सांगतोय. माणूस आधी नजरेनं बोलतो, मग भुवईनं, मग मानेनं, हात सगळ्यात शेवटी. हा क्रम चुकला, नाहीतर नुसता पाव सेकंद इकडचा तिकडे झाला, तरी समोरचा दचकतो. सेतुराम, इथला जुना विक्रेता, ऐकताना मान आडवी हलवत होता. मला वाटलं गडी नाही म्हणतोय. अर्धा तास पटवत बसलो. शेवटी वादिराजराव हसत म्हणाले की अहो, इथे आडवी मान म्हणजे होय! घ्या, आणि मी निघालोय यंत्राला खाणाखुणा शिकवायला.

१९ डिसेंबर

आज भवानीचा वाढदिवस. सात पूर्ण. जन्मापासून ऐकू येत नाही तिला. तिची आई गेल्यापासून आजीकडे, माझ्या सासूबाईंकडे, पुण्यात असते. शाळेतल्या बाई म्हणतात, ओठांकडे बघतच नाही, नुसती हातांकडे आणि भुवयांकडे बघते. बघेल नाही तर काय! आम्हा बापलेकींची भाषाच ती. दोन बोटं गालावर टेकवली की 'माझी बाय'. नाक उडवलं की 'लबाड'. छातीवर मूठ ठेवून पुढे उघडली की 'ये माझ्याकडे'. आजीला यातलं फारसं येत नाही. या जगात तिच्याशी पोटातलं बोलणारा मी एकटाच आहे, आणि मी इथे साड्यांच्या दुकानात बसलोय.

पण हे सगळं तिच्यासाठीच आहे. ही बाहुली जमली तर पुढची तिच्या शाळेसाठी करणार. एप्रिलच्या सुट्टीत तिचा मामा तिला इथे आणून सोडेल.

३ जानेवारी १९९४

बाहुलीचे पितळी सांधे आले. नाचियार्कोविलला दिवे ओतणाऱ्यांकडून करून घेतले. इतके सुरेख की तेल न घालताही फिरतात. चेहरा रबराचा, आत सुतारानं केलेली लाकडी कवटी, भुवयांना मागून तारा.

आता खुणा कुणाच्या घ्यायच्या? त्याचंही उत्तर घरातच सापडलं. वादिराजरावांची थोरली बहीण, वेंकटलक्ष्मीअक्का. नवरा गेल्यावर त्यांनी मौनाचं व्रत घेतलं, त्याला अकरा वर्षं झाली. गल्ल्यामागे पाटावर बसतात आणि नुसत्या भुवईनं दुकान चालवतात. बाईमाणूस दारात घुटमळलं की अक्कांची मान एवढीशी झुकते आणि ती बाई आत येऊन बसलेली असते. सेतुराम म्हणतो, अक्कांनी हात हलवला की साडी आपोआप विकली जाते.

१६ जानेवारी

संक्रांत झाल्यावर मुहूर्त धरला. अक्कांच्या दंडाला, कोपराला, मनगटाला मी पट्टे बांधले, मानेला आणि भुवयांना दोरे लावले. हात हलला की पट्ट्यातली फिरकी फिरते, तिचे आकडे चिपमध्ये उतरतात, आणि तेच आकडे बाहुलीच्या मोटारींना मिळतात. सुरू करणार एवढ्यात वादिराजरावांनी थांबवलं. विधवा बहिणीचं काही फुकट घेणं त्यांना मान्य नाही. घ्यायचंच तर ते दान म्हणून घ्यायचं, आणि दान विधीनं व्हायला हवं. मी म्हटलं, हातवाऱ्यांचं कसलं दान? ते ऐकेचनात.

मग पंचपात्री आली, पळी आली, तुळस आली. मला वाटलं पाणी माझ्या हातावर सोडतील. तर नाही! खुणा वापरणार कोण, बाहुली. म्हणजे घेणारीही तीच. बाहुलीचा तळवा उताणा केला, अक्कांनी त्यावर तुळस ठेवून पळीनं पाणी सोडलं. त्या बोलत नाहीत म्हणून त्यांच्या वतीनं वादिराजराव 'न मम' म्हणाले. आता माझं नाही. मी मात्र मोटारीत पाणी जाईल म्हणून फडकं घेऊन उभा! मनातून फार हसू येत होतं.

मग अक्कांनी पट्ट्यांत हात हलवून नमस्कार, 'आत या', 'बैसा' अशा अकरा खुणा दिल्या.

७ फेब्रुवारी

जमली! अगदी जमली! सकाळी एक म्हातारी दारात आली. बाहुलीनं आधी डोळे फिरवले, थांबली, भुवई उचलली, मग मान झुकवून हात केला. म्हातारी चपला काढून सरळ आत येऊन बसली आणि मग बाहुलीला निरखून बघत ओरडलीच. सेतुरामनं मला मिठी मारली.

अक्कांचा खांदा आखडला आहे बहुतेक. आज हात वर गेला नाही त्यांचा.

१९ फेब्रुवारी

एक अडचण आली. आयांबरोबरची लहान पोरं बाहुलीला बघून भोकाड पसरतात. अक्कांच्या खुणा बायकांना बोलावतात, पोरांना हसवत नाहीत. मी म्हटलं, हे काम माझं. पोराशी बिनशब्दाचं बोलण्यात माझा हात कोण धरणार?

पट्टे बांधले, भुवयांसाठी चष्म्याच्या काड्यांना दोरे लावले आणि भवानीशी करतो ते सगळं केलं. नाक उडवणं, हसणं, 'थांब', 'नको', 'ये माझ्याकडे', कडेवर घेणं, गालावर दोन बोटं. समोर ती उभी आहे असं समजून केलं आणि मध्येच डोळे भरून आले. तेही उतरलं असणार चिपमध्ये. त्याआधी मीही बाहुलीच्या हातावर पाणी सोडलंच होतं, वादिराजरावांपुढे कुणाचं काय चालतंय! मी मोठ्यानं 'न मम' म्हटलं आणि सेतुरामला डोळा मारला.

४ मार्च

अक्का आता नुसत्या बसून असतात. हात मांडीवर. दारात कुणी आलं तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. डॉक्टर येऊन गेले. अर्धांग नाही, काही नाही, असं म्हणाले. त्यांनी हात दाबायला सांगितला तेव्हा अक्कांनी दाबला. भात कालवतात, वाती वळतात. पण तहान लागली तर पाणी मागता येत नाही त्यांना. सेतुराम तासातासाला भांडं तोंडाशी धरतो. वादिराजराव मठात जाऊन पूजा सांगून आलेत.

मला एक शंका येते आहे. मूर्ख शंका आहे.

११ मार्च

सेतुरामनं आज एक चुटका सांगितला. मला हसू आलं. आतून आलं. सेतुराम माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं विचारलं की राव, तुम्हाला राग आला का?

आरशासमोर गेलो. हसलो. म्हणजे हसायला गेलो. आरशात कोणी हसलं नाही.

१२ मार्च

सगळं तपासून पाहिलं. नीट, पद्धतशीर. तारांना डाख लावता येतो. स्क्रू पिळता येतो. दाढी होते. दोन बोटं गालावर जातात, डास मारायला. पण भवानीचा फोटो समोर ठेवून तीच दोन बोटं गालाकडे नेली तर ती अर्ध्या वाटेवर थांबतात. दुखत नाही. कोणी धरलेलंही वाटत नाही. ती खूण माझ्यापाशी नाहीच, असं वाटतं. खिशात हात घालावा आणि खिसाच नसावा.

कामाचं सगळं होतं. कुणाला काही सांगायचं म्हटलं की होत नाही.

खाली बाहुली एका पोराचं नाक उडवत होती. हुबेहूब माझ्यासारखं.

१५ मार्च

वाटलं, बाहुलीकडून पुसलं तर मालकाकडे परत येईल. आधी अक्कांच्या नमस्काराची चिप काढली, चिपा पुसायच्या जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवली. कोरी झाली. धावत खाली गेलो, अक्कांना म्हटलं, आता करून बघा, नमस्कार करा.

त्यांनी प्रयत्न केला. मला दिसलं, करताहेत. हात मांडीवरून हलले नाहीत. चेहरा दगडाचा, आणि त्यावरून पाणी वाहतंय.

तो नमस्कार आता कुठेच नाही. बाहुलीत नाही, अक्कांत नाही. मी घालवला. माझं हसू, माझी 'माझी बाय', सगळं त्या दुसऱ्या चिपेत आहे. तिला हात लावायची माझी छाती नाही.

१६ मार्च

वादिराजरावांचे पाय धरायला गेलो. वाकता आलं नाही. तोंडानंच सांगितलं. वाईट माणूस नाही हो तो. पण दिलेलं दान परत मागता येत नाही, म्हणाले. देणाऱ्याला नाही, त्याच्या वंशजांनाही नाही. घेणाऱ्यानं आपणहून परत दिलं तरच. त्यांनी कपाळाला हात लावला. मला त्याचाही हेवा वाटला.

२ एप्रिल

भवानीला येऊ नको म्हणून कळवावं का? पुण्याला फोन लावला आणि घंटा वाजताच ठेवून दिला. तिला समोर बघितलं की सगळं आपसूक येईल. बापाचं पोरावरचं असं कुठे जातं का? ते कसं कुणाला देता येईल? येईलच. येऊ दे तिला.

१८ एप्रिल

आली.

रिक्षातून उडी मारून धावत आली आणि माझ्यापुढे थांबली. तिनं दोन बोटं गालावर टेकवली. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. तिनं पुन्हा टेकवली. मोठ्यानं, म्हणजे जोरात, गाल दाबून. मग नाक उडवलं. मग छातीवर मूठ.

मी काय केलं? उभा होतो. सात वर्षांची पोर रे देवा, आणि मी खांबासारखा उभा. ती मामाच्या मागे लपली.

२० एप्रिल

मामा आज परत गेला. माझ्या आवाजाशी तो बोलत होता, त्याला काही वेगळं वाटलं नाही. दमलेले दिसता, म्हणाला.

भवानी जेवली नाही. दुपारी शोधत खाली गेलो तर बाहुलीपुढे उभी. बाहुलीनं तिला पाहिलं, नजर, भुवई, मान. मग गालावर दोन बोटं.

भवानीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग बाहुलीकडे. मग साडीच्या निऱ्यांना मिठी मारून हुंदके देत रडायला लागली. आपला बाप सापडला म्हणून रडत होती ती.

२२ एप्रिल

दिवसभर तिथेच. दोघींचा खेळ चालतो. बाहुलीनं एक करायचं, थांबायचं, तळवा पुढे करून 'आता तू' म्हणायचं. मग भवानीनं करायचं. हे मीच बसवलं होतं, एकानं केलं की दुसऱ्याची पाळी. पोरं किती खूष होतात, असं लिहून ठेवलंय कामाच्या वहीत.

जेवायला नेण्यासाठी तिचा हात धरायला गेलो. हात पोचलाच नाही. सेतुरामनं उचलून आणली. ती माझ्याकडे बघतही नाही. घाबरते मला.

२३ एप्रिल

एक वाट आहे. घेणाऱ्यानं आपणहून परत दिलं तर, असं वादिराजराव म्हणाले होते. मग बाहुलीनंच मला दान द्यावं! तिच्या बोटांत पळी धरवीन, पंचपात्रीतून पाणी घेऊन माझ्या तळव्यावर सोडायला शिकवीन. आकडे हातानं घालतो. हे कामच आहे, हे मला जमतं. आपणहून झालं का? झालं म्हणायचं. दुसरं आहे काय माझ्यापाशी!

२४ एप्रिल

जमलं. पळी धरते, पाणी सोडते. उद्या सारंगपाणीच्या देवळाचा रथ, दुकान बंद, सगळे दोर ओढायला जातील. तेव्हा करतो.

सासूबाईंना पत्र लिहायला बसलो. 'ती. सासूबाईंस' एवढंही कागदावर उतरेना. पेन धरलेला हात तसाच. ही वही मात्र चालते, कारण ही कुणाला दाखवायची नाही.

२५ एप्रिल, दुपार

नाही झालं.

पंचपात्री मांडली, तुळस ठेवली, बाहुलीपुढे बसलो. तिनं पळी भरली. पुढे आणली. मी तळवा पुढे करायला गेलो आणि —

तळवा पुढे करणं म्हणजे 'दे' म्हणणं. तीही खूणच. पाणी जमिनीवर सांडलं. पुन्हा केलं. पुन्हा जमिनीवर. नऊ वेळा. शेवटी कोपऱ्यात येऊन बसलो, वही घेतली.

बाहेर ढोल, नागस्वर, माणसांचा गलका. आत अक्का पाटावर आहेत. भवानी जिन्यावर बसून बघत होती. कधीपासून, देव जाणे.

खाली आली. बाहुलीच्या हातातली पळी काढून घेतली. बाहुलीनं तळवा उघडला. आता तू.

तिला खेळ वाटतोय —

नाही, खेळ नाही वाटत तिला. चेहरा बघतोय ना मी. इतकी शांत. बाबा ज्याच्यात गेला त्याच्यात आपणही जायचं, असं —

ओरडलो. घसा फाटेस्तोवर. तिला काय ऐकू येणार. रस्त्यावर कोण ऐकणार. धावलो, म्हणजे उठलो. पाणी आणायला पाय निघतात. अडवायला निघत नाहीत. स्विच बंद केला. मोटारी थांबल्या. तळवा तसाच पुढे, उताणा.

तुळस ठेवली तिनं. नीट, मधोमध.

अक्का ओरडल्या. अकरा वर्षांनी. आवाज कसला, फाटलेलं कापड. 'भवानी, भवानी, नको गे' — अक्कांचं व्रत मोडलं आणि पोरीची पाठच आहे आमच्याकडे, तिला काय —

पळी भरते आहे. हे पाणी सुटलं की तिचे हातही मुके.

एकदा मागे बघ. बाळा एकदा बघ. तिला वाचता येतं. 'नको' येतं, शाळेत घोटलंय. मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यापुढे वही टाकतो, कोऱ्या पानावर, एवढं मोठं, ती बघेल, बघेलच —

भवानी, न